मुक्या यंत्राचा वैद्य

बाजारपेठेत दोन मोठ्या दुकानांच्या मध्ये कधी कधी एक चिंचोळी जागा असते. एक टेबल, एक दिवा, एक भिंग आणि बारीक स्क्रूंनी भरलेल्या चार डब्या एवढाच संसार मांडून तेथे एक कारागीर बसलेला असतो. मुके झालेले रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि वॉकमन यांना तो पुन्हा बोलते करतो. मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता तर अशा यंत्रांच्या सुट्या भागांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. आता हे कारागीर थोडे उरले आहेत. पण ज्याला गरज आहे, तो त्यांना शोधीत येतोच.

वॉकमन म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागेल. १९६३ साली हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने तळहाताएवढी कॅसेट तयार केली. पुढे १ जुलै १९७९ रोजी जपानच्या सोनी कंपनीने ती कॅसेट वाजविणारे एक लहानसे यंत्र विक्रीस आणले. त्यात दोन पेन्सिल सेल घालावे, कानांवर हेडफोन चढवावा आणि आपल्या आवडीचे गाणे ऐकत खुशाल चालू लागावे! हाच तो वॉकमन. २००१ साली आयपॉड आला, मागून मोबाइल फोन आले, आणि कॅसेटचे युग मावळले. कित्येक वॉकमन कपाटाच्या कोपऱ्यात जाऊन पडले. वर्षांनंतर कोणी कळ दाबतो, तर यंत्रातून हूं की चूं नाही!

असे यंत्र हाती आले म्हणजे कारागीर ते लगेच उघडीत नाही. वैद्य जसा आधी रोग्याला प्रश्न विचारतो, तसा तो गिऱ्हाइकाला विचारतो, “किती दिवस बंद होते? आत सेल तसेच राहिले होते का?” मग तो सेलचे झाकण काढून पाहतो. विसरून राहिलेले सेल पाझरतात आणि धातूच्या पट्ट्यांवर पांढरा किंवा हिरवट थर चढतो. तो खरवडून काढला, की कधी कधी यंत्र तेवढ्यानेच जागे होते.

तेवढ्याने भागले नाही, तर तो एकेक स्क्रू काढतो आणि ज्या क्रमाने काढला त्याच क्रमाने ओळीत ठेवतो. आत एक बारीक रबरी पट्टा असतो. मोटारीची गती तो चाकाला पोहोचवितो. काळाने रबर सैल पडते, तुटते, नाहीतर डांबरासारखे चिकट होऊन बसते. पट्टा सैल झाला, की गायकाचा सुरेल गळा रडका आणि जड ऐकू येतो. दोष ना गायकाचा, ना गाण्याचा. दोष त्या क्षुल्लक पट्ट्याचा! जुना पट्टा काढावा, चाके स्पिरिटच्या बोळ्याने पुसावी आणि अचूक मापाचा नवा पट्टा चढवावा, की स्वर पुन्हा ताठ उभा राहतो. म्हणून मोठी शंका घेण्यापूर्वी लहान कारण शोधावे, हा या विद्येचा पहिला धडा आहे.

पण कारागिराची खरी कसोटी पुढेच असते. एखादे वृद्ध गृहस्थ येतात. यंत्राने फीत ओढून घेतली आहे आणि ती आत गुरफटली आहे. ते हळूच सांगतात, “गाण्याची नाही हो ही कॅसेट. हिच्यात आमच्या आईच्या ओव्या आहेत. ती आता नाही.” अशा वेळी कारागिराचा हात क्षणभर थांबतो.

ही फीत चार मिलिमीटरही रुंद नसते. लोखंडाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तिच्यावर पसरलेले असतात आणि त्या कणांच्या चुंबकत्वात आवाज साठविलेला असतो. म्हणून चुंबक लागलेले हत्यार तो तिच्या जवळपासही आणीत नाही. ही फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने धावते. म्हणजे तिचा एक सेंटिमीटर तुकडा कापून टाकला, तर सुमारे एक पंचमांश सेकंदाचा आवाज कायमचा गेला! बोलण्यातले एखादे अक्षर उच्चारायला तेवढाच वेळ लागतो. बाजारात मिळणारे गाणे असते, तर चुरगळलेला भाग कापून मोकळे होता आले असते. येथे मात्र त्या माउलीचे एक अक्षरही गमावून चालणार नाही. म्हणून तो अर्धा अर्धा तास खपतो, घडी पडलेली फीत बोटाने सरळ करतो, आणि जेथे ती तुटली असेल, तेथे दोन्ही टोके जुळवून मागच्या बाजूने खास चिकटपट्टी लावतो.

या कामात फसविणे फार सोपे आहे. यंत्राच्या पोटात काय आहे, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसते. पट्टा बदलून मोटारीचे पैसे मागितले, तरी कोण पाहतो? परंतु चांगला कारागीर काढलेला जुना भाग कागदात बांधून गिऱ्हाइकाच्या हाती देतो. काही यंत्रे मुळीच दुरुस्त होत नाहीत. तेव्हा “हे माझ्याने होणार नाही,” असेही तो स्पष्ट सांगतो. त्याच्या हाताच्या कौशल्याइतकीच त्याच्या शब्दाची किंमत असते. म्हणूनच लोक आपल्या घरातला एकुलता एक आवाज त्याच्या स्वाधीन करून निर्धास्तपणे घरी जातात.

काम संपले, की तो हेडफोन आधी त्या वृद्धांच्या कानांवर चढवितो आणि कळ दाबतो. त्यांना काय ऐकू येते, ते त्याला ऐकू येत नाही. तो फक्त त्यांच्या चेहऱ्याकडे पाहतो, आणि काम साधले की नाही, हे त्याला तेथे कळते.