पगाराची पावती

तुर्भे एमआयडीसीत माझा मसाले भरण्याचा छोटासा कारखाना आहे. कामाला २२ माणसे. त्यांतले चाचा सर्वांत जुने. एकदा त्यांच्या हातून मिरचीच्या गाडीत हळदीची खोकी चढली. "चिठ्ठी वाचली नाही का?" मी सर्वांदेखत ओरडलो. "चष्मा घरी राहिला," चाचा खाली मान घालून म्हणाले.

रात्री जेवताना आठवले, चाचांना चष्माच नाही. इतकी वर्षे ते खोक्यांचा रंग पाहून माल लावत होते. त्या महिन्यात स्वस्त पडतात म्हणून मी सगळी खोकी एकाच रंगाची केली होती.

हळूहळू चौकशी केली. सात जणांना वाचता येत नव्हते. सुट्टीनंतर गेटजवळ फळा लावून वर्ग सुरू केला. आठवडाभरात दोघेच उरले. "यांना शिकायचेच नाही," असे मी म्हणू लागलो. तेव्हा पॅकिंगच्या मावशी म्हणाल्या, "शेठ, सहाला नळाला पाणी येतं. आणि गेटावर ड्रायव्हर लोक बघून हसतात."

मग वर्ग माळ्यावर नेला. दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास, कामाच्या वेळेतच, पगार न कापता. डी.एड. झालेली माझी भाची शिकवू लागली. मराठवाड्याचे आणि उत्तर प्रदेशचे लोक एकाच ओळीत बसले. मराठी-हिंदीची लिपी एकच, ही मोठी सोय. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी २०२२ पासून सरकारचा 'उल्लास' कार्यक्रम आहे. पण आमच्या लोकांना आधी हाताखालचे वाचायचे होते. पाकिटावरची तारीख, आग विझवण्याच्या नळकांड्यावरची सूचना आणि पगाराची पावती. पावती इंग्रजीत होती, ती मराठीत करून घेतली.

चौथ्या महिन्यात मावशी पावती घेऊन केबिनमध्ये आल्या. "शेठ, जादा तास अठरा लिहिलेत, पैसे मात्र साध्या दरानं. ताई म्हणाल्या, दुप्पट असतात."

१९४८ च्या कारखाना कायद्याने दुप्पटच ठरवले होते. मला ते ठाऊक नव्हते असे म्हणणे खोटे होईल. कोणी विचारत नव्हते, म्हणून चालले होते. हिशेबनीस म्हणाला, "आणखी शिकवा!" सर्वांची थकबाकी दोन हप्त्यांत दिली. त्या ईदला घरात नवा फ्रिज आला नाही.

लहानपणी अब्बा बद्रच्या कैद्यांची हकीकत सांगत. ज्यांच्याजवळ द्यायला पैसे नव्हते पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेच्या दहा-दहा मुलांना शिकवायचे, हीच त्यांच्या सुटकेची किंमत. मी वर्ग काढला तेव्हा उपकार करतोय असे वाटत होते. पावती पाहिल्यावर कळले, देणे माझ्याकडेच होते.

तुमचे दुकान असो, बेकरी असो की वर्कशॉप, असा वर्ग काढायचा असेल तर पहिला धडा पगाराच्या पावतीचा ठेवा. मात्र त्याआधी ती पावती स्वतः एकदा नीट वाचा.

चाचा आता अंगठा देत नाहीत. पगाराच्या दिवशी ते आकडे बोटाने तपासतात, मग सावकाश सही करतात. मागची रांग थांबते. मीही थांबतो.