'पानी' आणि 'पाणी'

आमच्या घरात दखनी बोलतात. अब्बा हमाली करायचे. गल्लीजवळ जिल्हा परिषदेची मराठी शाळा होती, म्हणून माझं नाव तिथं घातलं. पहिलीत मी 'पाणी'ला 'पानी' म्हणालो आणि गुरुजींसकट सगळा वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. तहान लागली तरी घरी जाईपर्यंत थांबायचो.

पुढे डी.एड. केलं. पहिली नेमणूक बंजारा तांड्यावर मिळाली. फळ्यावर आईचं चित्र काढून विचारलं, "ही कोण?" एक मुलगी म्हणाली, "याडी." चौथीतली मुलं फिदीफिदी हसली. मुलीनं मान खाली घातली. मी फळ्यावर 'याडी' लिहिलं. शेजारी 'आई' आणि त्याच्या शेजारी 'अम्मी'. म्हटलं, "माझ्या घरी असं म्हणतात." दुसऱ्या दिवशी तिनं आपण होऊन भाकरीचा शब्द सांगितला, 'बाटी'.

शक्यतो मातृभाषेतून शिकवावं, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदाही सांगतो. प्रमाण मराठी शिकवायचीच, तिच्यावाचून पुढचं शिक्षण अडतं. पण मुलाची घरची भाषा पुसून नव्हे.

दसऱ्यानंतर ती मुलगी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. उन्हाळ्यात परतली तेव्हा निम्मी अक्षरं विसरली होती, बोलणं मात्र तसंच होतं. अक्षरं पुन्हा शिकवता येतात. गप्प झालेलं मूल बोलतं व्हायला किती दिवस लागतात, ते मला ठाऊक आहे.