विटांची साक्ष

मुलांच्या खेळण्यांसहि इतिहास असतो असें म्हटलें, तर वाचकांस हसूं येईल. गतवर्षापर्यंत आम्हांसहि आलें असतें.

गतवर्षीं आमचे थोरले बंधु इंग्लंडांत निवर्तले आणि त्यांच्या सामानांतून पत्र्याची एक पेटी आमच्याकडे आली. तींत लेगोच्या प्लॅस्टिकच्या विटा होत्या. १९६१ सालीं सहकुटुंब तिकडे गेल्यावर दादांनीं त्या आपल्या एकुलत्या एका मुलासाठीं घेतल्या. तो मुलगा १९६६ मध्यें, वयाच्या आठव्या वर्षीं गेला. त्या दिवशीं पेटी मिटली ती मिटलीच, अशी घरांत सर्वांची समजूत होती. वहिनीहि शेवटपर्यंत तेंच सांगत.

नातवंडांच्या हातीं देण्यापूर्वीं आम्हीं त्या विटा सतरंजीवर ओतल्या. विटेचें वय ओळखण्याचें एक लहानसें शास्त्रच आहे. डेन्मार्कांतील बिलुंड गांवच्या ओले कर्क ख्रिस्तियानसेन या सुताराच्या कारखान्यानें १९४९ मध्यें काढलेल्या पहिल्या विटा आंतून पोकळ असत. पोटांत नळ्या असलेल्या साच्याच्या पेटंटासाठीं अर्ज झाला तो २८ जानेवारी १९५८ रोजीं. पुढें १९६३ पासून सेल्युलोज ॲसिटेटच्या जागीं एबीएस हें प्लॅस्टिक येऊं लागलें. पहिलें प्लॅस्टिक कालांतरानें वांकतें. म्हणून सपाट जमिनीवर डुलणारी वीट बहुधा त्या आधींची. अशा डुलणाऱ्या विटा पुष्कळ निघाल्या. त्या आमच्या पुतण्याच्या.

परंतु राखी विटांत दोन छटा दिसल्या. एक जुनी, किंचित पिंवळसर, दुसरी निळसर. ही निळसर छटा २००४ च्या सुमारास जुनीच्या जागीं आली. आम्हीं त्या विटा दारांतल्या उजेडांत धरून पुन्हा पाहिल्या. उन्हानें अशा विटा पिंवळ्या पडतात, निळ्या होत नाहींत. शंकेस जागा नव्हती.

२००४ मध्यें दादांनीं सत्तरी ओलांडली होती. म्हणजे मुलगा जाऊन अडतीस वर्षें लोटल्यावरहि ते त्याच्या पेटींत नव्या विटा आणून टाकीत होते, आणि कोणाजवळ एका शब्दानें बोलले नव्हते!

वहिनी आज असत्या, तर त्यांना हें सांगितलें असतें कीं नाहीं, हें आम्हांस अद्याप ठरवितां आलेलें नाहीं. नातवंडें मात्र एव्हांना दोन्ही छटांच्या विटा एकाच भिंतींत बसवूं लागलीं होतीं. त्या नीट बसत होत्या. आम्हीं त्यांना अडविलें नाहीं.