वायरीचा धूर

उपवासकाळात घर आवरताना बंद मोबाइल, चार्जर, जुना डबा टीव्ही निघतोच. भंगारवाल्याला दिला की सुटलो, असं वाटतं. पण पुढे कुठेतरी तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळतात, सोन्याच्या कणांसाठी सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतात. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये वर्षानुवर्षं हेच चाललंय, कित्येकदा मुलांच्या हातून. तो धूर, ते शिसं त्यांच्या अंगात जातं. भंगारवाल्याला मात्र नावं ठेवू नका. तो निदान दारात येऊन पैसे तरी देतो! पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या ‘लाउदातो सी’मध्ये फेकून देण्याच्या संस्कृतीबद्दल लिहिलंय: तिथे वस्तूंसोबत माणसंही टाकली जातात. बेळगावात आमच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सानंतर खोका ठेवतो; माल नोंदणीकृत रिसायकलरकडे जातो. फुगलेली बॅटरी मात्र खोक्यात टाकू नका, वेगळी हातात द्या.