ठाण बदलताना

एका गावाहून दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवायचे म्हटले की माणसे आधी घर पाहतात, मग मुलांची शाळा, मग जवळपासचा दवाखाना. आमच्या यादीत या सगळ्यांच्या वर घोड्याचे ठाण होते. हे लिहितानाही थोडा संकोच वाटतो. मराठी मध्यमवर्गीय माणसाला घोडा शोभतो तो वरातीत, नाहीतर म्हणीत. पण इंग्लंडमधल्या यॉर्कशरात काढलेल्या वर्षांत मुलीच्या हट्टापायी एक वेल्श कॉब जातीचा घोडा आमच्या संसारात आला. त्याच्या पासपोर्टावरचे वेल्श नाव आम्हांला आजतागायत धड उच्चारता आलेले नाही. (होय, तिकडे घोड्याला पासपोर्ट असतो, आणि तो देताना आम्हांला विचारले गेले त्याहून पुष्कळ कमी प्रश्न विचारले जातात.) घरात त्याचे नाव राया. पुढे मुलगी शिकायला दूर गेली, राया आमच्याकडे राहिला आणि बघता बघता एकोणीस वर्षांचा झाला. नेमक्या त्या वयात आम्हांला लीड्सचा परिसर सोडून केंब्रिजकडे जावे लागले.

ज्यांच्या मालकीची जमीन नाही अशी आमच्यासारखी माणसे तिथे घोडा लिव्हरी यार्डात ठेवतात. महिन्याचे पैसे भरायचे, त्या बदल्यात तबेला, कुरण आणि ठरेल तितकी चाकरी मिळते. कुठे खरारा, शेण, चंदी सगळे यार्डवाले पाहतात. कुठे नुसती जागा मिळते आणि पहाटे पाच वाजता फावडे हाती घेऊन मालकानेच हजर व्हायचे असते. बहुतेक व्यवहार या दोहोंच्या मध्ये कुठेतरी ठरतो. मराठी फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार आणि सरकारी पागेतला घोडा ज्याला मिळे तो बारगीर. लिव्हरीत घोडा ठेवणारा या दोन्हींत बसत नाही. घोडा शिलेदारासारखा त्याचा स्वतःचा, पण घोड्याच्या तोंडी घास देणारा हात पागेतला.

‘लिव्हरी’ हा शब्द मूळचा फ्रेंच, हवाली करणे या अर्थाच्या धातूपासून आलेला. मध्ययुगात धनी आपल्या चाकरांना जे अन्नवस्त्र देई आणि घोड्यांना जी चंदी बांधून देई, ते सारे लिव्हरी. पुढे त्यातले वस्त्र चाकरांच्या गणवेशाकडे गेले आणि चंदी तबेल्याकडे आली. इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला हा तबेला अगदीच परका नाही. कीट्सचे वडील लंडनच्या मूरगेट भागातल्या ‘स्वान अँड हूप’ या सरायीच्या तबेल्यात कामाला होते, तबेला त्यांच्या सासऱ्यांचा होता, आणि १८०४ साली घोड्यावरून पडूनच ते वारले. आम्ही ज्या केंब्रिजला निघालो होतो तिथला थॉमस हॉब्सन तर भाड्याच्या घोड्यांमुळे वाक्प्रचारात जाऊन बसला आहे. दाराशी उभा असेल तोच घोडा घ्या, नाहीतर चालू लागा, असा त्याचा खाक्या. १६३१ मध्ये तो गेला तेव्हा तरुण मिल्टनने त्याच्यावर दोन कविता लिहिल्या. लोक हॉब्सनला हटवादी समजतात. पण गिऱ्हाइकांना निवड करू दिली असती तर चांगल्या घोड्यांवरच रोज खोगीर चढले असते आणि ते झिजून मेले असते. पाळी लावून त्याने घोड्यांना विश्रांती मिळवून दिली. आम्हांला तो तबेलेवाल्यांतला शहाणा माणूस वाटतो.

असो. या वाङ्मयीन भटकंतीच्या आड आम्ही एक गोष्ट लपवीत आहोत, ती आता सांगितली पाहिजे.

यॉर्कशरात मुलगी होती तोवर राया साध्याशा जागी होता आणि त्याचे सगळे तीच करी. ती गेल्यावर आम्ही त्याला एका मोठ्या, सर्व चाकरीसह असलेल्या यार्डात हलवले. तिथे वाळूचे प्रशस्त मैदान होते, त्यावर रात्री झगझगीत दिवे लागत, खोगिरांच्या खोलीत मेण लावलेल्या चामड्याचा वास दरवळे. आम्ही दर रविवारी जायचो. रायाचे अंग चकाकत असे, ठाणात वर ताजा पेंढा पसरलेला असे. गाजर द्यायचे, मानेवर थोपटायचे, एक छायाचित्र मुलीला पाठवायचे आणि परतायचे. चार महिने असे गेले. मग एके दिवशी नालबंद आला, त्याने रायाचा मागचा डावा पाय उचलला आणि आम्हांला जवळ बोलावले. खुराच्या तळाशी जो मऊ त्रिकोणी भाग असतो, तो काळा पडून चिघळला होता. त्याची दुर्गंधी अजून आमच्या नाकात आहे. वरचा पेंढा ताजा होता, पण पायाने उकरून पाहिले तर खाली कित्येक दिवसांचा ओला थर. नालबंदाने कोणालाही दोष दिला नाही. त्याने इतकेच विचारले, “तुम्ही स्वतः याचा पाय शेवटचा कधी उचललात?”

आम्ही कधीच उचलला नव्हता.

यार्डवाल्यांशी पुढे जी बोलाचाली झाली ती सांगण्यात अर्थ नाही. इंग्लंडात घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेला परवाना लागतो. नुसत्या लिव्हरीला लागत नाही. उलट २००६ चा प्राणिकल्याणाचा कायदा स्पष्ट सांगतो की प्राणी कोणाच्याही ताब्यात असो, मालक हा नेहमीच जबाबदार मानला जाईल. म्हणजे शब्दाचा अर्थ हवाली करणे असला तरी जबाबदारी काही हवाली करता येत नाही. खूर तीन महिन्यांत बरा झाला. मुलीला आम्ही ते बरा झाल्यानंतर कळवले.

त्या हिवाळ्यात आम्ही अ‍ॅना स्यूएलची ‘ब्लॅक ब्यूटी’ पुन्हा वाचली. १८७७ ची ही कादंबरी मुलांच्या कपाटात ढकलली गेल्याने तिच्याकडे टीकाकारांचे व्हावे तितके लक्ष गेले नाही. मूळ आवृत्तीच्या मुखपृष्ठानंतरच्या पानावर स्यूएलने स्वतःला लेखिका म्हटलेलेच नाही. घोड्यांच्या भाषेतून केलेल्या अनुवादाची अनुवादक म्हटले आहे. या कल्पनेतले कारुण्य आम्हांला पूर्वी जाणवले नव्हते. पुस्तकातला घोडा आपल्याला सारे सांगतो, पण ज्याला सांगायला हवे त्या मालकाला एक शब्द सांगू शकत नाही. त्यात बाथ शहरातल्या एका बॅरी नावाच्या गृहस्थाची दोन प्रकरणे आहेत. गृहस्थ सज्जन आहे, व्यापारात गुंतलेला आहे, त्याला घोड्यांतले काही कळत नाही. तो तबेला भाड्याने घेतो, मोतद्दार ठेवतो आणि उत्तम चंदी मागवतो. पहिला मोतद्दार ओट चोरून घरी नेतो. दुसरा देखणा आणि गोडबोल्या. आरशात बघायला त्याला वेळ असतो, ठाणातला ओला पेंढा बदलायला नसतो, आणि घोड्याचे खूर सडतात. हाच रोग, हेच कारण! बॅरी क्रूर असता तर वाचकाला त्याचा राग तरी करता आला असता. दोनदा फसल्यावर तो घोडा पाळणेच सोडून देतो. आम्हांला ती वाट मोकळी नव्हती. एकोणीस वर्षांचा घोडा विकायचा तर तो कोणाच्या दारी जाईल हे स्यूएलनेच पुढच्या प्रकरणांत सांगून ठेवले आहे.

तर केंब्रिजच्या आसपास ठाण शोधायला आम्ही ऑगस्टमध्ये निघालो ते या धास्तीने. मोजमापे पाठ केली होती. घोड्याला ठाण बारा फूट लांब, बारा फूट रुंद असावे. कुरण दर घोड्यामागे एक ते दीड एकर असावे. पहिल्या जागी दोन्ही मापे बसली, पण कुंपणालगत सिकॅमोरच्या झाडांची रांग होती. त्याच्या पंखवाल्या बिया शरद ऋतूत कुरणात पडतात, घोड्याने त्या खाल्ल्या तर स्नायू निकामी होतात आणि बहुतेक घोडे त्यातून वाचत नाहीत. आम्ही विचारले तेव्हा तिथला मनुष्य हसून म्हणाला, “आजवर तर काही झालेले नाही.” दुसऱ्या जागी झाडे नव्हती. पण जमीन चिकणमातीची, आणि नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत कुरणे बंद. तेवढे महिने घोडे ठाणातच. चिखलात कुरण तुडवले जाते, हे कारण खोटे नव्हे. तरी भाकरी का करपली आणि घोडा का अडला या प्रश्नांना मिळून एकच उत्तर असते हे ज्याने लहानपणी ऐकले आहे त्याने म्हाताऱ्या सांध्यांचा घोडा सहा महिने न फिरवता कसा ठेवावा? तिसरीकडे कॉफीचे यंत्र होते. तिथून आम्ही लवकर निघालो.

एक प्रश्न मात्र आम्ही सगळीकडे विचारत होतो: फेब्रुवारीचे गवत आज कुठे आहे? रायासारख्या घोड्याला दिवसाला नऊ-दहा किलो वाळले गवत लागते. हिवाळ्याच्या सहा महिन्यांचे दीड टनाहून अधिक झाले. घोड्याच्या पोटात आम्ल अखंड पाझरत असते, त्यामुळे तो फार वेळ उपाशी राहिला तर जठराला व्रण पडतात. उन्हाळ्यात गवत सगळ्यांकडेच असते. खरी परीक्षा शिलकीची. हा प्रश्न आम्हांला कुठल्या इंग्रजी पुस्तकाने शिकवलेला नाही. शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेले, १६७० च्या दशकातले पत्र मराठीच्या वर्गात आम्हीही वाचले होते. तेव्हा आमचे लक्ष होते ते रयतेच्या भाजीच्या देठाकडे, कारण शिक्षकांचे तिकडे होते. आता वाचताना दिसले की ते पत्र आरंभापासून गवताच्या हिशोबाचे आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आत्ताच मनमानी उधळलीत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असे होईल. पुढे आगीविषयी लिहिताना तर उंदराने पेटती वात ओढून नेली तर काय होईल इथवर तपशील आहे. छावणीपासून दूर बसलेल्या माणसाने लिहिलेले ते पत्र आहे. आपण समोर नसताना काय काय घडू शकते याची इतकी सविस्तर कल्पना करणारे गद्य आम्ही फारसे वाचलेले नाही. आमच्या चार महिन्यांच्या रविवारांत आम्ही ती एकदाही केली नव्हती.

ज्या यार्डात आम्ही शेवटी थांबलो त्याचे फाटक गवताच्या गठ्ठ्यांच्या दोरीने बांधलेले होते. मैदान लहान, दिवे नाहीत. मालकीणबाई साठीच्या. आम्ही काही विचारण्याआधी त्या आम्हांला गवताच्या कोठारात घेऊन गेल्या, एक गठ्ठा फोडून मूठभर गवत आमच्या नाकाशी धरले आणि म्हणाल्या, “रॅगवर्ट शोधा.” ही पिवळ्या फुलांची विषारी वनस्पती कुरणात कडू म्हणून घोडे टाळतात, पण वाळली की तिचा कडवटपणा जातो, विष जात नाही. आम्हांला ती सापडली नाही. कोठार मात्र आढ्यापर्यंत भरलेले होते.

मग त्यांची उलटतपासणी सुरू झाली. दात कधी तपासले? एकटा राहतो का? पूर्वी कुठे होता, तिथे स्ट्रँगल्सची साथ होती का? हा घशात गाठी होऊन घोड्याचा श्वास कोंडणारा संसर्ग. त्यातून उठलेले काही घोडे वरकरणी निरोगी दिसत रोग पसरवत राहतात. त्यांनी रक्ततपासणीचा दाखला मागितला आणि वर तीन आठवडे वेगळे ठेवण्याची अट घातली: निराळी बादली, निराळे फावडे, दिवसातून दोनदा ताप मोजायचा. खरे सांगायचे तर आम्हांला राग आला. आमचा घोडा काय रोगी वाटतो की काय! परतीच्या वाटेवर अर्धा तास कुरकुरल्यानंतर ध्यानात आले की आमच्या आधीच्या यार्डात कोणी एक प्रश्नही विचारला नव्हता. तिथे राया पहिल्याच दिवशी तीस घोड्यांत मिसळला होता.

बाईंचा शेवटचा प्रश्न मात्र आमच्या उत्तरावाचून राहिला होता. त्यांनी विचारले होते, “बरे नसले की हा काय करतो?” पोट दुखले की घोडे जमीन उकरतात, लोळतात, कुशीकडे वळून पाहतात, असे आम्ही पुस्तकी काहीतरी सांगितले. त्या म्हणाल्या, “घोडे नव्हे. हा.” रात्री मुलीला फोन केला. ती क्षणभरही थांबली नाही. राया लोळत नाही, उकरत नाही. तो ठाणाच्या मागच्या कोपऱ्याकडे तोंड करून अगदी शहाण्यासारखा उभा राहतो आणि गवताचा शेवटचा घास तसाच ठेवतो. “तुम्हांला माहीत नव्हतं?” तिने विचारले. मग थोड्या वेळाने, “आणि खुराचं तेव्हाच का नाही सांगितलंत?” तिला ते छायाचित्रांवरून कळले होते, राया एका पायावरचा भार सारखा चोरतो आहे हे तिने पाहिले होते आणि आम्ही सांगू याची वाट पाहिली होती.

सप्टेंबरात राया दीडशे मैलांचा प्रवास करून आला. तीन आठवडे तो वेगळ्या तुकड्यात राहिला. इतर घोडे दिसत, पण नाकाला नाक लागत नसे. आम्ही आता रोज जात होतो आणि आधी चारही पाय उचलून पाहत होतो. मुदत संपली त्या सकाळी बाईंनी त्याला ओळीतल्या ठाणात आणले. तबेल्याच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. प्रत्येक घोड्याचे नाव, त्याची चंदी, औषधे त्यावर खडूने लिहिलेली असतात. सगळ्यांत खाली नवी ओळ होती. रायाच्या नावाचे स्पेलिंग चुकलेले होते. पुढे लिहिले होते: कोपऱ्याकडे तोंड करून गप्प उभा दिसला, तर थांबू नका, डॉक्टरांना बोलवा.