दिवेलागणीचा गळ

मैत्रिणींनो, मनीषनगरातून संध्याकाळी फिरायला निघालात, तर एकदा अंबाझरीला जा. 1870 साली बांधलेल्या या तलावाकाठी कुणी गळ टाकून बसलेलं दिसलं, तर जरा थांबून बघा. दिवसभरात कणकेचे कितीतरी गोळे पाण्यात विरून गेलेले, पिशवी रिकामीच. पण ऊन उतरून पाणी निवलं की पाण्यावर चिलटं जमतात अन् मासे खायला काठाशी येतात. म्हणजे नशिबाची वेळ येते ती नेमकी डोळे शिणल्यावर, बरं का! दोरीवरचं मोरपिसाचं देठ तेव्हाच बुडतं, आणि घराच्या विचारात असलेल्याचा मासा निसटतो. शाळेत शिकवून आल्यावर मीही दमलेली असते. पण मुलं मनातलं सांगतात ती दिवेलागणीलाच, आपण पोळ्या लाटत असताना. तेवढा वेळ कान जागे ठेवायचे.