शितावरून भात

‘अ’ साधारण 0.8 धरायचा, ‘ब’ 1.2 ते 1.5. धातू डायमधून बाहेर पडताना त्याचा छेद किती पट लहान होतो, त्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग ‘ब’ने गुणायचा, त्यात ‘अ’ मिळवायचा, धातूच्या प्रवाहताणाने गुणायचं. एक्स्ट्रूजनचा दाब हाती येतो. जॉन्सनच्या नावाचं हे सूत्र. गुणोत्तर 20 वरून 40 वर नेलं तरी दाब जेमतेम पाचव्या हिश्शाने वाढतो. घर्षण नसतं, धातू आतल्या आत फुकट वळला-मुरडला नसता, तर ‘अ’ शून्य आणि ‘ब’ एक झाला असता. उरलेलं सगळं वास्तव या दोन आकड्यांत कोंबलंय, आणि ते आकडे आलेत प्रयोगांच्या आलेखावर रेषा बसवून.

म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. इथेच मी अडकतो. शीत खरं का बोलतं? पाणी उकळत असतं, दाणे खालीवर फिरतात, आच सगळ्यांना सारखी लागते, म्हणून. मुळशीचा नवा आंबेमोहर आणि वर्षभर मुरलेला तांदूळ एकाच पातेल्यात घातला तर? नव्याला पाणी कमी लागतं. त्याचं शीत जुन्याबद्दल काय सांगणार? पाणी आटल्यावर तर वरचं शीत वेगळं, बुडाचं वेगळं. म्हणून जाणती बाई पळी खोल घालून मधलं शीत काढते आणि दोन बोटांत दाबते. म्हणीत ती पळी कुठेच नाही.

डायमधून दाबायचा धातूचा ठोकळा, म्हणजे बिलेट, कोणी ढवळत नाही. तो ज्यात बसतो त्या कंटेनरच्या भिंतीलगतचा थर मागे रेंगाळतो, डायच्या कोपऱ्यातला धातू हलतच नाही. मागून ढकलणारी रॅम पुढे जाते तसा भिंतीला घासणारा भाग आखूड होतो आणि बळ उतरत जातं. मग आकडा सुरुवातीच्या शिखराचा घ्यायचा की नंतरचा? प्रयोगांत पुष्कळदा शिसं वापरतात, कारण ते साध्या तापमानालाच तापलेल्या धातूसारखं वागतं. त्यावरचा आकडा 450-500 अंशांवरच्या ॲल्युमिनियमला लावायचा म्हणजे शीत एका पातेल्यातलं आणि भात दुसऱ्या.

तरीही सूत्र चालतं, आणि तेच मला छळतं. मोजलेल्या टप्प्याबाहेर आपण जात नाही म्हणून चालतं, असं वाटायचं. पण तांबट आळीत मठारकाम करणारा कारागीर ठोक्याचं बळ न मोजता पत्रा किती सोसेल ते ओळखतो. त्याचा टप्पा कोणी आखून दिला? पळी कुठे घालायची हेही हाताला आधीच्या भातांवरूनच कळलेलं असतं. मग आणखी शितं तपासली तर आपली खात्री वाढते, की नुसती शितांची संख्या?